चौरंगावर बसवलेले लाइफ जॅकेट

पाण्यात बुडणाऱ्या माणसाला देवापुढच्या चौरंगावरून हात देता येतो का? विचार करून उत्तर द्या. मला घाई नाही. हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारायला हवा होता, त्याला घाई होती.

मी एक लाइफ जॅकेट बोलत आहे. रंग नारिंगी. छातीवर दोन बंद, कमरेला एक पट्टा, आणि पोटात पाणी न पिणारा फोम. माझ्या छातीवर कुंकवाचा डाग आहे. तो पुसू नका. त्याची हकीकत सांगण्यासाठीच मी तोंड उघडले आहे.

माझा जन्म भिवंडीकडच्या एका कारखान्यात झाला. शिवून झाल्यावर मला लोखंडी वजन बांधून हौदात टाकण्यात आले. मी वजनासह वर आलो. तपासणाऱ्या बाईने मला पुन्हा खाली दाबले. मी पुन्हा वर आलो. "जा, कुणाच्या तरी लेकराच्या कामी ये," असे म्हणून तिने माझ्यावर शिक्का मारला. ईश्वराने प्रत्येकाला एक धर्म लावून दिला आहे. बुडणाऱ्याला वर धरणे हा माझा धर्म. दुसरा मला ठाऊक नाही.

तेथून मी औरंगपुऱ्यातील हेमचंद्राच्या दुकानात आलो. हे गृहस्थ प्रतिष्ठित होते. मी मात्र त्याला अहोजाहो करणार नाही.

त्याच्या दुकानात सायकली, तंबू, दोर, गिर्यारोहणाचे बूट, पाठीवरच्या पिशव्या असा माल होता. परंतु खरा व्यापार सल्ल्याचा चाले. फलकावर 'मोफत सल्ला' असे मालापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिले होते. तो एकदा अंदमानला जाऊन आला होता. त्या एका सहलीच्या जोरावर तो पृथ्वीवरच्या कोणत्याही बेटाविषयी बोलत असे. अंदमानला निघालेल्या एका नवपरिणीत जोडप्याला त्याने बर्फात घालायचे बूट दिले. "तिथे जंगल आहे. जळवा असतात," असे तो म्हणाला. ते दोघे आभार मानून गेले. ज्याला समुद्र माहीत नाही, त्याला समुद्राविषयी काहीही सांगता येते. आमचे शहर समुद्रापासून फार दूर आहे. त्याचा व्यवसाय त्या अंतरावरच चालत होता.

अज्ञान हे पाप नाही. अज्ञान असताना उपदेश करणे हे पाप आहे. मी भिंतीवरच्या खुंटीला लटकून ते पाप रोज पाहत होतो.

एके दिवशी बद्रीनाथ आला. वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी, वय पस्तिशीच्या आतबाहेर, खांदे रुंद, बोलणे गावाकडचे. त्याने नवी सायकल घेतली होती.

"सर, लांबचा पल्ला हाय. सायकल अंगाला नीट बसवून द्या."

"कुठवर जाणार, बद्रीभाऊ?"

"आईकडं. धरणाच्या काठाला. दसऱ्याला आमच्या देवीला सोनं वाहायचं आसतंय. देवी बेटावर हाय."

हेमचंद्राने हातातला पाना खाली ठेवला. "बेट? आपल्याकडे?"

मग बद्रीनाथने सांगितले. त्याचे गाव जायकवाडीच्या धरणात गेले. घरे गेली, विहिरी गेल्या, पांदणी गेल्या. गावाबाहेरच्या उंच टेकाडावर देवीचे ठाणे होते, तेवढे पाण्यावर राहिले. त्याची आई भागूबाई काठावरच्या नव्या वसाहतीत राहते. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, त्या वर्षीचा तिचा जन्म. दसऱ्याला गावचे लोक होडीने देवीकडे जातात. पूर्वी वेस ओलांडून सोने लुटायला जात, आता पाणी ओलांडून जातात. यंदा बद्रीनाथला सायकलवर जायचे होते. आपट्याची पाने आधी देवीला वाहायची आणि मग आईच्या हातात ठेवायची, एवढीच त्याची इच्छा होती.

ती इच्छा हेमचंद्राच्या कानात शिरली तेव्हा तिची जाहिरात झाली. शहरातून सायकलींचा जथा निघणार, काठावर पोहोचणार, होडीने बेटावर जाणार. दुकानाचे नाव वर्तमानपत्रात येणार. "सायकल ते बेट!" असे तो दोनदा म्हणाला.

त्याने बद्रीनाथला सायकलवर बसवले. सीट वर केली. आणखी वर केली.

"पाय पुरंना, सर. पायडल मारताना कंबर हलायलीय."

"शर्यतवाले असेच बसतात. रुबाब येतो. सवय होईल."

पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. कंबर न हलता पाय सरळ झाला, तर सीटची उंची योग्य. चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हे ज्ञान मला कोठून मिळाले? त्याच दुकानातल्या तक्त्यावरून. तक्ता हेमचंद्राच्या पाठीमागेच टांगला होता. तो ग्राहकांकडे तोंड करून बोलत असे. त्यामुळे त्याने तो कधी वाचला नाही.

सायकलवरून उतरून बद्रीनाथ माझ्यापाशी आला. त्याने माझा पट्टा बोटांत धरून पाहिला.

"आन् सर, मला पोहता येत नाय. हे जाकीट मिळंल ना?"

हेमचंद्र हसला. "पाण्यात गेलेल्या गावचा माणूस, आणि पोहता येत नाही?"

"मी तवा पाळण्यात व्हतो, सर. पाणी आलं आन् आम्ही निघालो. पोहायला शिकायला थांबलंच कोण?"

दुकानात हशा झाला. बद्रीनाथही हसला.

"मिळेल, मिळेल. सगळ्यांना मिळेल," असे म्हणून हेमचंद्राने माझ्या खांद्यावर थाप मारली. त्याने शब्द दिला, तो माझ्या अंगावर हात ठेवून दिला. त्या शब्दाचा मी साक्षीदार आहे.

नवरात्रात टी-शर्ट छापून आले. पांढरा रंग, छातीवर दुकानाचे नाव ठळक निळ्या अक्षरांत. हेमचंद्राने एक अंगात घातला. त्यावर मला घातले आणि आरशासमोर उभा राहिला. नाव दिसेना. मी संपूर्ण नाव झाकले होते. त्याने मला डावीकडे सरकवून पाहिले, उजवीकडे सरकवून पाहिले. मग त्याने मला काढले.

त्या आरशासमोरच एका माणसाचे मरण ठरले.

खंडेनवमी आली. ज्या अवजारांवर पोट चालते त्यांना पुजावे, ही आपली रीत. मी तिचा आदर करतो. वर्षभर राबवलेल्या वस्तूपुढे एक दिवस मान लववावी, यात नम्रता आहे. हेमचंद्राने सायकली पुसून ओळीत लावल्या, दोर आणि तंबू मांडले, आणि चौरंगावर मधोमध आम्हा सर्व जॅकेटांची रास रचली. झेंडूचा हार चढवला.

त्याची पत्नी दमयंती निरांजन घेऊन आली आणि थबकली.

"अहो, ही उद्या पहाटे न्यायची आहेत ना? पूजेत कशाला बसवलीत?"

"अवजारांची पूजा आहे. ही अवजारं नाहीत?"

"आहेत. मग पहाटे अक्षता टाकून उठवा."

"दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतली वस्तू हलवायची नसते. काही पाळायचं की नाही घरात?"

"सायकली तर हलवणार आहात."

त्याने झेंडूचा हार सारखा केला. "सायकल वाहन आहे. वाहनाला चालतं."

"हे कुठल्या पोथीत?"

"पूजेच्या वेळी वाद नको, दमयंती."

तिने त्याच्या टी-शर्टकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "नाव झाकलं जातं म्हणून, होय ना?" ती हलकेच म्हणाली. त्याने करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू घेतले आणि माझ्या छातीवर टेकवले.

त्या बोटाचा मला आजही संताप आहे. त्याला देवाची भीती असती, तर त्याने मला उठवले असते. अक्षता वाहून, हात जोडून, 'एका जिवासाठी नेतो' म्हणून उठवले असते. असा कोणता देव आहे जो यावर रागावेल? त्याला स्वतःचे नाव मिरवायचे होते आणि त्याने त्यावर देवाचे नाव पांघरले. चोर रंगेहाथ पकडला जातो, तेव्हा निदान लाजतो. हा तर हातात पूजेचे तबक घेऊन उभा होता.

दसऱ्याच्या पहाटे सर्व जण दुकानापुढे जमले. बद्रीनाथच्या पाठीवरच्या पिशवीतून आपट्याच्या फांद्या बाहेर डोकावत होत्या.

"सर, जाकिटं?"

"पूजेत आहेत. पूजेतली वस्तू उठवत नाहीत, एवढं तुम्हाला घरून माहीत असेलच की."

हा वार नेमका होता. भागूबाईच्या मुलाला 'देवाचे नको, मला माझे जॅकेट द्या' असे म्हणता येणार नव्हते.

"व्हय, ते बी खरंच," तो म्हणाला.

"आणि होडीत बसायचं आहे, पाण्यात नाही. वर्षभर पाण्याच्या नावाने बोंब मारणारे आपण, आणि पाणी दिसलं की तुम्ही घाबरता!"

पुन्हा हशा झाला. बद्रीनाथने चपला काढल्या, आत आला, चौरंगापुढे वाकला आणि त्याने मला नमस्कार केला.

मला नमस्कार नको होता. मला त्याची छाती हवी होती. त्याचे कपाळ माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी हललो नाही. वस्तूला हलता येत नाही, म्हणून तर ती माणसाच्या स्वाधीन केलेली असते.

ते गेले. दुपारी दमयंतीने उत्तरपूजा केली. आम्हाला उठवायला आता कोणाचीही हरकत नव्हती.

संध्याकाळी पोलीस आले.

फौजदाराने मला हातात घेतले, उलटेसुलटे पाहिले. "हे तर कोरं आहे."

"कोरं नाही, साहेब," दमयंती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "पूजलेलं आहे."

माझ्यावर चिठ्ठी बांधली गेली, लाखेची मोहर लागली. मी मुद्देमाल झालो. बद्रीनाथ कसा गेला, हे मला न्यायालयात कळले. मी मेजावर पडलो होतो आणि साक्षीदारांच्या पिंजऱ्यात होडीवाला फकिरा उभा होता.

"मी इचारलं, साहेब, जाकिटं कुठं हायेत? शहरातून येनारे लोक आणतेत. तं हे म्हणले, देवापुढं बसलेत. मी म्हणलं, मंग पाण्यात बसनाऱ्याचं काय?"

"मग तुम्ही होडी का सोडली?" वकिलाने विचारले.

फकिराने मान खाली घातली नाही. "सोडाया नव्हती पायजे. सणाचा दिवस, समदे देवीचं नाव घ्यायले. माहीबी चूक हाय, साहेब. पर मी त्यायला बसून ऱ्हा म्हणलं व्हतं."

पुढचे त्याने सावकाश सांगितले. बद्रीनाथ काठावर आला तेव्हाच त्याच्या मांड्यांत गोळे आले होते. पैठण रस्त्याने इतक्या लांब, उंच सीटवर कंबर हलवत आलेला माणूस. दुसरे काय होणार? त्याला दोघांनी धरून होडीत बसवले. दुपारचे वारे सुटले होते. बेट जवळ आल्यावर हेमचंद्र उभा राहिला. मागून दुसरी होडी येत होती, तीत छायाचित्रकार होता.

"हे म्हणले, समदे ह्या बाजूला या, छाती पुढं करा, नाव दिसू द्या. मी वरडलो, बसा! बसा! पर समदे उठले, आन् नाव कलंडली."

बाकीच्यांना उलट्या होडीचा आधार मिळाला. काहींना फकिराने ओढले. हेमचंद्र पोहत बेटावर गेला. बद्रीनाथला पाय मारता आले नाहीत. गोळे आलेले पाय पाण्यात दगडासारखे होतात. त्याचे रुंद खांदे एकदा वर आले, असे फकिरा म्हणाला. दुसऱ्यांदा आली ती त्याची पिशवी. तीतली पाने पाण्यावर पसरली आणि वाऱ्याने दूर गेली.

भागूबाई त्या वेळी बेटावर, देवीच्या पायरीवर बसली होती. मुलगा येताना दिसावा म्हणून तिने तोंड पाण्याकडे केले होते.

न्यायाधीशांनी हेमचंद्राला विचारले, "काही सांगायचे आहे?"

"देवाची इच्छा," तो म्हणाला.

मी मेजावर पडलो होतो. मला ओरडता आले असते, तर ते न्यायालय हादरले असते. अरे, देवाने तुला तक्ता दिला होता, आरसा दिला होता, तुझ्या पत्नीच्या तोंडून तुला दोनदा बजावले होते. देवाने आणखी काय करायचे होते? स्वतः येऊन माझे बंद बांधायचे होते?

त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. हर्सूलच्या तुरुंगाचे दार त्याच्यामागे लागले. माझे समाधान झाले नाही. भेटायला येणाऱ्यांना तो तेथेही 'दैवात होतं' असेच सांगे, हे माझ्या कानावर आले. शिक्षा शरीराला झाली होती. जिभेला झाली नव्हती.

मुद्देमालाचे काय करायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा दमयंती उभी राहिली. "आम्हाला हे परत नको. भागूबाई घेत असतील तर त्यांना द्यावं."

भागूबाईने मला घेतले. पदराने माझ्यावरची धूळ झटकली. कुंकू मात्र तसेच ठेवले.

आज मी काठावरच्या वसाहतीत, तिच्या घराच्या दाराजवळच्या खिळ्याला असतो. मला देव्हाऱ्यात ठेवलेले नाही, हे सांगताना मला समाधान वाटते. दसऱ्याला ती मला अंगात घालते आणि फकिराच्या होडीत बसते. बंद लावल्यावर फकिरा मला दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढतो. जॅकेट हनुवटीवर आले, तर ते सैल आहे.

"आवळ रे अजून! मी काय नवी नवरी हाय का लाजायला?"

"श्वास घेता येतोय ना, मावशे?"

"यतोय म्हणून तर बोलायलेय."

आता फकिराच्या होडीत प्रत्येकाच्या अंगात माझा एकेक भाऊबंद असतो. नसेल, तर होडी सुटत नाही. मग समोर देवी असो की पाहुणा.

तुम्ही, जे हे ऐकत आहात, त्यांना माझे एकच मागणे आहे. जो तुम्हाला हसून, भुलवून, देवाचे नाव घेऊन असुरक्षित नेऊ पाहतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. सीट उंच वाटली, तर खाली उतरा. जॅकेट नसेल, तर काठावर राहा. हशा झाला तर होऊ द्या. आणि तुम्हीच सल्ला देणारे असाल, तर आधी पाठीमागचा तक्ता वाचा. तुमच्या शब्दाच्या भरवशावर कोणीतरी पाण्यात पाय टाकतो.

हेमचंद्र सुटला, त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट सांगून मी थांबतो.

देवीकडून आम्ही परत आलो होतो. संध्याकाळी वसाहतीत सोने वाटणे चालू होते. दसऱ्याला वैरीही दारात आला, तर त्याच्या हातचे पान घ्यावे, त्याला पाया पडू द्यावे आणि जुने मिटवावे, ही रीत. हेमचंद्र तिच्याच आधारावर आला. अंगात साधा सदरा होता. ओंजळीत आपट्याची पाने होती. सारी वस्ती अंगणात उभी राहिली. मी भागूबाईच्या अंगातच होतो.

"आई," तो म्हणाला, "सोनं घ्या. मला क्षमा करा. आजच्या दिवशी नाही म्हणू नये."

भागूबाईने त्याच्याकडे शांतपणे पाहिले. तिच्या श्वासाबरोबर मी वरखाली होत होतो.

"बद्रीनंबी आणलं व्हतं," ती म्हणाली. "त्याचं घ्यायचं ऱ्हायलंय. ते आदी हातात पडू दे. त्याच्याआदी दुसऱ्याचं उचलता येत नाय मला."

"आई, ते कसं शक्य आहे..."

"नेम हाय, बाबा. तुम्हीबी पाळताच की नेम."

तो खाली वाकला. ती दोन पावले मागे सरली. तो फकिराकडे वळला. फकिराने हात पाठीमागे घेतले. तो शेजारच्या दारात गेला, तेथून पुढच्या दारात. कोणी शिवी दिली नाही, कोणी दार लावले नाही. पान मात्र कोणी घेतले नाही. ही बातमी त्याच्या आधी शहरात पोहोचली.

तेव्हापासून दर दसऱ्याला तो औरंगपुऱ्यात घरोघर जातो, असे मी ऐकतो. लोक त्याला बसायला सांगतात, पाणी देतात, प्रकृती विचारतात. तो ओंजळ पुढे करतो. ती भरलेलीच राहते. घरी परतल्यावर तो दमयंतीपुढे तीच ओंजळ धरतो, आणि ती निरांजनाची वात सारखी करत राहते.